युद्धजन्य आघातोत्तर ताणविकृती
युद्धातील जीवघेण्या प्रसंगानंतर काही सैनिकांत दीर्घकाळ टिकणारी मनोविकृती. प्रसंगाची वारंवार उफाळणारी स्मृती, दुःस्वप्ने, परिहारवृत्ती व अतिसावधता ही तिची प्रमुख लक्षणे होत. पहिल्या महायुद्धात तिला ‘शेल शॉक’ म्हणत व अनेकदा भ्याडपणा समजत. व्हिएटनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेने तिला स्वतंत्र विकृती म्हणून मान्यता दिली. रुग्णांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित हिप्पोकँपस हा भाग सरासरीने लहान आढळतो. हा आघाताचाच परिणाम मानला जाई. तथापि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकबीज जुळ्यांच्या अभ्यासात, तीव्र विकृती जडलेल्या सैनिकांच्या युद्धावर न गेलेल्या भावांतही तो लहान आढळला. त्यावरून ही पूर्वप्रवणता असावी, असे दिसते. आघातस्मृतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्यास शिकविणारी मानसोपचारपद्धती विशेष परिणामकारक ठरली असून सर्ट्रालीनसारखी अवसादरोधी औषधेही देतात.