जर्मनीची 'पक्की सीट' आणि धुळे रस्त्यावरचा प्लॉट

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री इशाच्या नमाजनंतर आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वालिद घरी आले. नंदुरबारात त्यांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. मागोमाग मुलगा, हातात गुळगुळीत कागदाची पुस्तिका. मुलगा नुकताच बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झालेला.

"सर, जर्मनीत कॉम्प्युटरची सीट पक्की झाली. आठ दिवसांत पैसे भरायचे आहेत. धुळे रस्त्यावरचा प्लॉट काढावा म्हणतो. तुमचा मशवरा हवा."

मशवरा मागायला आलेला माणूस बहुधा होकार ऐकायलाच आलेला असतो. आम्ही चहा ठेवायला सांगितला आणि पुस्तिका उघडली.

कॉलेज खासगी होते. तीन वर्षांचा इंग्रजी माध्यमाचा पदवी अभ्यासक्रम, फी वर्षाला सुमारे 11,000 युरो. युरो शंभर रुपये धरला तरी तीन वर्षांची फी 33 लाख. राहण्याखाण्याचे वर्षाला 12 लाख वेगळे. बेरीज 70 लाखांच्या घरात गेली. कागदावर आकडा पाहून वालिद म्हणाले, "एजंट तर म्हणाला, जर्मनीत शिक्षण फुकट असते."

एजंट खोटे बोलला नव्हता. त्याने अर्धेच सांगितले होते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षण शुल्क नसते. दर सहामाहीला थोडे अंशदान भरावे लागते, इतकेच. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सहामाहीला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. पण पुस्तिकेतले कॉलेज सरकारी नव्हतेच. खासगी कॉलेजे विद्यार्थी आणून देणाऱ्याला कमिशन देतात, सरकारी विद्यापीठे सहसा देत नाहीत. मग एजंट कोणाचे नाव सुचवणार? या एका प्रश्नाचे उत्तर समजले की पुस्तिका वाचण्याची नजर बदलते. सगळी खासगी कॉलेजे वाईट असतात असे नाही. पण दोन दिवसांत, गुणपत्रिका नीट न पाहता सीट देणारे कॉलेज मुलाची निवड करत नाही, गिऱ्हाईकाची करते.

आम्ही मुलालाच आमच्या कॉम्प्युटरवर बसवले. जर्मन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या डीएएडी या संस्थेच्या संकेतस्थळावर तिथल्या अभ्यासक्रमांची यादी फुकट पाहता येते. भाषा, फी, शेवटची तारीख, सगळे. तिथे त्याला पहिला धक्का बसला. सरकारी विद्यापीठांत पहिली पदवी बहुतेक जर्मन भाषेतून असते. शिवाय नुसत्या आपल्या बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. एक तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास हवे, किंवा भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्या शाखेचे पहिले वर्ष पूर्ण हवे, नाहीतर तिकडे जाऊन आधी वर्षभराचा पूर्वतयारी वर्ग. पदव्युत्तर शिक्षणाचे मात्र उलट आहे. एम.एस.चे इंग्रजी अभ्यासक्रम भरपूर आहेत आणि आपली चार वर्षांची बी.ई. किंवा बी.टेक. तिथे चालते.

म्हणून आमचे मत आम्ही तिथेच सांगून टाकले: बी.ई. इथे, एम.एस. तिकडे. शहाद्याला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पलीकडे शिरपूर, धुळे, जळगाव. ज्याला दहावीनंतरच तंत्रशिक्षणाकडे वळायचे आहे त्याच्यासाठी अक्कलकुव्याच्या जामियात पॉलिटेक्निक आहे. डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

पण इथे चार वर्षे काढायची म्हणजे नुसते पास व्हायचे नाही, हे मुलाला समजावणे आम्हाला जास्त गरजेचे वाटले. जर्मनीत 1 ही सर्वांत चांगली श्रेणी आणि 4 म्हणजे काठावर पास. आपली दहापैकीची सरासरी ते एका सूत्राने बदलून घेतात. पास होण्याची मर्यादा 4 असेल तर आपले 8 म्हणजे त्यांचे 2, आपले 7 म्हणजे 2.5 आणि आपले 6 म्हणजे 3. बऱ्याच चांगल्या अभ्यासक्रमांना 2.5 किंवा त्याहून चांगली श्रेणी लागते. म्हणजे पहिल्या सहामाहीपासून सातच्या वर राहायचे. 'शेवटच्या वर्षी जोर लावू' हे आमच्या वर्गातले लाडके वाक्य इथे कामाचे नाही. विषयही एकेक करून तपासले जातात. म्हणून प्रत्येक वर्षाच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका जपून ठेवावी.

आता पैसा. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो एका बंद खात्यात ठेवून दाखवावे लागतात. ही फी नाही, आपलीच रक्कम. तिकडे गेल्यावर दरमहा 992 युरो याप्रमाणे परत हातात येते. रुपयांत साधारण 12 लाख. आठ दिवसांत गोळा करायला डोंगर, पण चार वर्षांत महिन्याला 25,000 प्रमाणे तेवढेच होतात. गॅरेजवाल्याला तेही सोपे नाही, हे आम्ही जाणतो. निम्मे जमले तर उरलेल्यासाठी नातेवाइकांकडे कर्ज-ए-हसना मागता येते. 70 लाखांसाठी कोण देणार?

बँकेच्या कर्जाची गोष्ट निघाली तेव्हा वालिद गप्प झाले. घरी मुलाच्या दादीने बजावले होते, 'व्याजाच्या पैशावर पोरगा पाठवायचा नाही.' साडेसात लाखांच्या वर बँका बहुधा तारण मागतात, आणि व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत नुसता हिशेबाचा नसतो. आम्ही मुफ्ती नाही. तो प्रश्न आपापल्या आलिमांना विचारावा, फक्त सही करण्याआधी विचारावा. लोक हप्ता थकल्यावर विचारायला जातात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जाचे व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना 2022-23 पासून बंद झाली आहे. तिच्या नावाने कोणी अर्ज भरून घेत असेल तर पैसे देऊ नका. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. पहिल्या पदवीला ती नाही. तडवी भिल्ल समाजातल्या मुलांना अनुसूचित जमातीचा दाखला असेल तर आदिवासी विकास विभागाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. आपल्या अनेक तडवी घरांत तिचे नावही पोहोचलेले नाही.

खरा घोळ शेवटी निघाला. आम्ही मुलाला सगळी कागदपत्रे टेबलावर मांडायला सांगितली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. जन्मदाखल्यावर नावाआधी 'मोहम्मद', आडनाव गायब. आधारवर 'मोहम्मद'चा 'मो.' झालेला. अम्मीच्या नावापुढे एका ठिकाणी 'बी', दुसऱ्या ठिकाणी 'बानो'. एकाच घरात चार माणसे असल्यासारखी. आपल्या घरांत हे इतके सर्रास आहे की कोणाला चूक वाटतच नाही. शाळेत नाव घालताना आम्हा शिक्षकांच्या हातूनही अशा चुका झाल्या आहेत, हे कबूल करतो. भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीसाठी नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्यात सगळ्या शैक्षणिक कागदांची तपासणी होते आणि 18,000 रुपये लागतात. तिथे नाव अडले की तारीख निघून जाते. ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या वर्गांसाठी अर्जाची मुदत सहसा 15 जुलैपर्यंत, काही ठिकाणी त्याच्याही महिने आधी संपते. त्यामुळे नावाची दुरुस्ती आता करायची, चार वर्षांनी नाही.

त्या रात्री ते उठले तेव्हा बारा वाजून गेले होते. पुस्तिका आमच्या टेबलावरच राहिली.

मुलगा आता अभियांत्रिकीला आहे. पहिल्या सहामाहीत 7.4 पडले, गणिताने जरा दगा दिला. प्लॉट जागेवर आहे. जन्मदाखला दुरुस्त झाला, आणि मागच्या आठवड्यात पासपोर्टचा अर्ज भरायला तो आमच्याकडे आला. नावाची स्पेलिंग आम्ही तीनदा तपासली. चौथ्यांदा त्याच्या अम्मीने फोनवर अक्षर-अक्षर वाचून घेतली आणि मगच 'सबमिट' दाबू दिले.