मानसचिकित्सा : सामाजिक संदर्भ

मानसचिकित्सा : मुख्यतः संवाद आणि चिकित्सक व रुग्ण यांच्यातील विश्वासाचे नाते यांच्या आधारे मानसिक विकार व समायोजनाच्या अडचणी दूर करण्याच्या पद्धतींना मानसचिकित्सा म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांच्या मनोविश्लेषणात अबोध मनातील संघर्षांचा शोध घेतला जातो. वर्तनचिकित्सेत अनिष्ट सवयी बदलल्या जातात. कार्ल रॉजर्स (१९०२–८७) यांची पद्धती रुग्णाच्या स्वयंविकासाच्या क्षमतेवर विसंबते, तर ॲल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांची विवेकनिष्ठ पद्धती अविवेकी समजुती तपासून पाहते. या पद्धतींचा भर प्रामुख्याने व्यक्तीवर असतो. तथापि मनःस्वास्थ्य बऱ्याच अंशी कुटुंब, उपजीविका व रूढी यांवरही अवलंबून असते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत हे विशेष स्पष्ट दिसते. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांनी वारंवार अवर्षण सोसले आहे. पाटण, जावळीकडील पुरुष माथाडी कामासाठी मुंबईस, तर खानापूर-आटपाडीकडील लोक सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी परप्रांतांत जात आले आहेत. त्यामुळे कुटुंबे विभागली जातात. मागे राहिलेल्या स्त्रिया व वृद्ध यांच्यावर एकटेपणाचा व जबाबदारीचा ताण पडतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप, तसेच २००५, २०१९ व २०२१ चे कृष्णेचे महापूर अशा आपत्तींनंतर निद्रानाश, भीती व खिन्नता उद्भवू शकतात.

अशी लक्षणे पुष्कळदा ‘करणी’ किंवा ‘बाहेरची बाधा’ समजली जातात व रुग्णास प्रथम देवऋषीकडे नेले जाते. ‘अंगात येणे’ हे कित्येकदा दडपलेल्या दुःखाचे प्रकटीकरण असते : एरवी जिचे कोणी ऐकत नाही, त्या सुनेचे बोलणे त्या अवस्थेत घर ऐकून घेते. म्हणून अशा वेळी तिची निर्भर्त्सना न करता कुटुंबासह चिकित्सा करणे इष्ट ठरते. साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रश्नावर लोकशिक्षण केले. अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्धचा राज्याचा कायदा २०१३ मध्ये झाला.

१९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने मानसिक उपचार प्राथमिक आरोग्यसेवेशी जोडण्याचे धोरण स्वीकारले. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (२०१७) उपचार हा हक्क ठरविला. मात्र कर्ज, व्यसन वा घरातील छळ कायम राहिल्यास केवळ संवादाने आलेला आराम टिकणे कठीण असते. यास्तव चिकित्सेस कुटुंबाचे सहकार्य व सामाजिक साहाय्य यांची जोड आवश्यक ठरते.