आजीच्या ओव्या कॉम्प्युटरवर घेताय? आधी पंखा बंद करा

गावोगावी जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी म्हणायचे कारणच उरले नाही. नातवंडे हौसेने आजीचा आवाज घेऊन ठेवतात, पण नंतर ऐकायला बसले की पंख्याची घरघर पुढे आणि आजी मागे, अशी गत होते. तोवर आजी पुन्हा म्हणायला राहिलेली असेलच असे नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगाव फिरून महाराष्ट्रातल्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कित्येक ओव्या आज 'पारी'च्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. पण प्रत्येक गावात असे कोणी पोचणार नाही. घरच्या कॉम्प्युटरवर, साध्या माइकवरही हे काम चांगले होते. महागड्या सामानापेक्षा खोली आणि अंतर सांभाळणे महत्त्वाचे.

माइक तोंडापासून एक वीत

लॅपटॉपमधल्या माइकवर शक्यतो भिस्त ठेवू नये. तो आतल्या पंख्याच्या आणि बटणांच्या जवळ असतो, त्यामुळे त्यांचाच आवाज आधी घेतो. साधा यूएसबी माइक, कॉलर माइक किंवा हेडफोनला जोडलेला माइकही चालतो. मोबाईलच्या माइकच्या पिनेवर तीन पट्ट्या असतात. ती पिन जुन्या कॉम्प्युटरच्या गुलाबी भोकात नीट चालत नाही, त्याला कन्व्हर्टर लावावा लागतो.

समोर ठेवायचा माइक तोंडापासून वीतभर असावा. अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला ठेवावा, म्हणजे प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसत नाही.

रिकामी खोली नको

स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून घुमतो. पत्र्याच्या घरात तर विचारायलाच नको. त्यापेक्षा ज्या खोलीत गोधड्यांची चवड, कपडे, धान्याची पोती आहेत ती निवडावी. पोती आणि गोधड्या आवाज शोषून घेतात. आजीच्या मागे-पुढे दोरीवर जाड चादरी टाकल्या तरी फरक पडतो.

पंखा, टीव्ही, फ्रिज बंद ठेवावेत. खरं तर लाईट गेलेली वेळ यासाठी सगळ्यात बेस्ट. गिरणी बंद, मोटारी बंद, आणि लॅपटॉप बॅटरीवर. अर्थिंग नीट नसलेल्या घरात चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये बारीक गुणगुण येते, तीही चार्जर काढला की बहुतेक वेळा जाते.

लाल रेघ दिसली की थांबायचं

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात मोनो आणि ४४१०० हर्ट्झ निवडावे. आधी आजीला तिच्या नेहमीच्या आवाजात एक ओवी म्हणायला लावून मीटर पाहावे. सगळ्यात मोठा सूर उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहिला म्हणजे बरोबर. लाल दिसले तर आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज पुढे धड दुरुस्त होत नाही. बारीक राहिलेला आवाज मात्र नंतर थोडा वाढवता येतो.

सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसावे. खोलीतला तेवढा नुसता आवाज नमुना म्हणून वापरून उरलेली घरघर सॉफ्टवेअरने कमी करता येते. ते मिठासारखे, बेताने वापरावे. जास्त झाले की गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो.

बऱ्याच जणींना हात जात्यावर पडल्याशिवाय ओवी आठवत नाही. अशा वेळी जात्याखाली पोते घालावे आणि माइक जमिनीवर न ठेवता वेगळ्या स्टुलावर ठेवावा. एकदा जात्यासकट, एकदा नुसता गळा, असे दोनदा घेतले तर उत्तम.

नाव, गाव, तारीख

म्हणणारीचे नाव, गाव आणि तारीख सुरुवातीलाच बोलून घ्यावी. मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्येच ठेवावी. एका मिनिटाला सुमारे ५ एमबी, म्हणजे तासाला साधारण ३०० एमबी जागा लागते. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करून पाठवलेला आवाज दाबला जातो, म्हणून ती मूळ प्रत समजू नये. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या नातेवाइकाकडे द्यावी.

आणि रेकॉर्डिंग गावाच्या ग्रुपवर टाकण्याआधी आजीला विचारावे. काही ओव्या सासरच्या जाचाच्या असतात. त्या कोणाला ऐकवायच्या, हे तिनेच ठरवायचं.