पावसाळ्यानंतर घोड्याचा मागचा पाय का लुळावतो?
कुमरी, सर्रा आणि इतर कारणे : ओळख, उपचार व प्रतिबंध

भिलाई-दुर्ग परिसरापासून राजनांदगाव, डोंगरगडमार्गे गोंदिया-भंडाऱ्यापर्यंतचा प्रदेश भाताच्या बांध्यांचा आणि तलावांचा आहे. येथे गाई-म्हशींच्या तुलनेत घोड्यांची संख्या अल्प असली, तरी वरातीच्या घोड्या आणि ओझ्याची तट्टे यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत घोडा मागचा पाय ओढू लागला, तर मालक स्वाभाविकपणे घाईत असतो. मुका मार लागला किंवा नस चढली असे समजून वेदनाशामक इंजेक्शन दिले जाते, काही ठिकाणी पुठ्ठ्यावर डागणी केली जाते आणि घोडा पुन्हा कामाला जुंपला जातो.

या ऋतूत अशा घोड्याच्या पायात कोणताही दोष नसण्याची शक्यता लक्षात घेणे आवश्यक आहे. दोष पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असू शकतो आणि त्याचे मूळ शेजारच्या गोठ्यातील गाईच्या पोटात असू शकते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे डास. कारण वेळीच ओळखले गेले तर घोडा सावरण्याची शक्यता वाढते. गेलेले दिवस मात्र सहसा भरून निघत नाहीत.

लंगडणे आणि लुळेपणा यांतील फरक

पहिला प्रश्न असा विचारावा : घोड्याला वेदना आहे, की पायावरील ताबा सुटला आहे? वेदना असलेला घोडा दुखऱ्या पायावर भार टाकणे टाळतो. त्याची पावले आखूड पण ठरावीक पडतात, दुलकी चालताना एका बाजूचा पुठ्ठा अधिक वर-खाली होतो आणि पाय चाचपल्यास गरमपणा, सूज किंवा हुळहुळेपणा आढळतो.

ताबा सुटलेल्या घोड्याची चाल प्रत्येक पावलाला बदलते. मागचा भाग डुलतो, खुराचे टोक जमिनीला घासते व पुढून झिजते, खुरावरील सांधा मध्येच पुढे मुडपतो. घोड्याला लहान वर्तुळात फिरवल्यास मागचे पाय एकमेकांत अडकतात किंवा बाहेरच्या बाजूचा पाय प्रमाणाबाहेर दूर फेकला जातो. चालत्या घोड्याची शेपटी बाजूला उभे राहून हळूच ओढल्यास निरोगी घोडा प्रतिकार करतो, दुर्बल घोडा त्या बाजूला सहज झुकतो. ही तपासणी लगाम धरणारा अनुभवी माणूस सोबत असतानाच करावी.

वेदनेची नेहमीची कारणे

वेदनेमुळे लंगडणाऱ्या घोड्याचे खूर सर्वप्रथम पाहावे. नाल ठोकताना आत गेलेला खिळा, रस्त्यावरचा पत्रा किंवा खिळा टोचणे आणि त्यातून खुरात साचलेला पू हे अचानक तीव्र लंगडण्याचे अत्यंत सामान्य कारण आहे. पशुवैद्यक व नालबंद यांच्या मदतीने पू वाहता केल्यावर बहुतेक घोड्यांना लवकर आराम पडतो. खुराच्या जखमेनंतर धनुर्वाताची लस देण्यात हयगय करू नये, कारण घोडा या रोगाला विशेष बळी पडणारा प्राणी आहे.

मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी वर अडकल्यास पाय मागे ताठ राहतो आणि झटक्याने सुटतो. एक-दोन दिवस विश्रांती देऊन चंदी मात्र पूर्ण चालू ठेवली आणि नंतर एकदम काम दिले, तर पुठ्ठ्याचे स्नायू ताठरतात, घाम सुटतो आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा घोड्याला चालवू नये. जागेवरच थांबवून पशुवैद्यकास बोलवावे. विश्रांतीच्या दिवशी दाणा कमी करणे हा यावरील सोपा प्रतिबंध आहे.

कुमरी : गाईचा जंत, घोड्याचा पांगळेपणा

घोड्यांतील कमरेच्या लुळेपणास भारतात पूर्वीपासून ‘कुमरी’ म्हटले जाते. याचे एक महत्त्वाचे कारण सेटारिया डिजिटाटा हा धाग्यासारखा पांढरा जंत होय. हा जंत गाई-म्हशींच्या उदरपोकळीत राहतो आणि त्यांना सहसा कोणताही त्रास देत नाही. त्याची सूक्ष्म पिल्ले जनावराच्या रक्तात फिरतात. डास रक्त शोषतो तेव्हा ती त्याच्या शरीरात जातात आणि साधारण दोन आठवड्यांत संसर्गक्षम अळीत रूपांतरित होतात. हा डास पुन्हा गाईला चावला, तर जंताचे जीवनचक्र नेहमीप्रमाणे पूर्ण होते. तो घोडा, मेंढी किंवा शेळी यांना चावला, तर अळी अनोळखी शरीरात भरकटते आणि काही वेळा मज्जारज्जूत किंवा मेंदूत शिरते. तिच्या मार्गातील चेतातंतू तुटतात. घोड्याच्या डोळ्यात कधीकधी वळवळताना दिसणारा पांढरा जंतही बहुधा अशीच भरकटलेली सेटारियाची अळी असते.

कुमरीत लक्षणे बहुधा अचानक दिसतात. घोडा खातो-पितो, ताप सहसा नसतो, पायाला जखम नसते; तरीही मागचा एक किंवा दोन्ही पाय ओढले जातात. तीव्र अवस्थेत घोडा बसतो व उठू शकत नाही. घोड्याच्या शरीरात हा जंत सहसा प्रौढ होत नाही, त्यामुळे रक्तात त्याची पिल्ले सापडत नाहीत. म्हणून रक्ततपासणीत जंत आढळला नाही, एवढ्यावरून कुमरी नाही असे ठरवता येत नाही. निदान मुख्यतः ऋतू, लक्षणे, गुरांचे सान्निध्य आणि इतर कारणांचे निरसन यांवर अवलंबून असते.

सर्रा : माशीने पसरणारा क्षय

सर्रा या रोगाचा कारक ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा एकपेशीय परजीवी आहे. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंटांच्या रक्तात तो शोधला. टॅबॅनस गटातील मोठ्या चावऱ्या माश्या तो पसरवतात. या माशीचा दंश अतिशय वेदनादायक असतो. जनावर झटकते, माशीचे रक्तशोषण अर्धवट राहते आणि ती तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तासह जवळच्या दुसऱ्या जनावरावर बसते. परजीवी माशीत वाढत नाही. तो काही मिनिटांत पोहोचला तरच संसर्ग होतो. म्हणूनच दाटीने बांधलेल्या जनावरांत सर्रा वेगाने पसरतो.

यात ताप चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. भूक टिकूनही घोडा खंगत जातो. पोटाखाली व पायांवर सूज येते, डोळ्यांच्या आतील पडदा फिकट होतो आणि पुढे मागचा भाग डुलू लागतो. रक्ताचा नमुना ताप चढलेला असताना घ्यावा. एका नमुन्यात परजीवी न दिसल्यास तपासणी पुन्हा करावी, कारण त्यांची रक्तातील संख्या कमी-जास्त होत असते.

हा परजीवी सहसा माणसाला बाधत नाही. मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील शिवणी येथील एका शेतकऱ्यास २००४ मध्ये त्याचा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले होते. त्याच्या रक्तात या परजीवीस मारणारे एक नैसर्गिक प्रथिन नव्हते. अशी घटना अत्यंत दुर्मिळ असली, तरी आजारी जनावराचे रक्त हाताळताना हातमोजे वापरावेत.

सावधगिरी : रेबीजमध्येही मागच्या पायांचा लुळेपणा हे आरंभीचे लक्षण असू शकते. गिळता न येणे, लाळ गळणे, आवाजात किंवा स्वभावात बदल किंवा कुत्रा चावल्याची माहिती असल्यास घोड्याच्या तोंडात हात घालू नये, औषध पाजू नये आणि तत्काळ पशुवैद्यकास कळवावे. लुळेपणासोबत तीव्र ताप किंवा सुस्ती असल्यास जपानी मेंदूज्वराचाही विचार करावा लागतो.

उपचार

कुमरीचा संशय येताच घोड्याचे काम पूर्ण थांबवावे. घसरणार नाही अशी मऊ, कोरडी जमीन व जाड अंथरूण द्यावे. बसलेल्या घोड्याची कूस दिवसातून अनेक वेळा बदलावी. जंतनाशक म्हणून आयव्हरमेक्टिन किंवा डायइथिलकार्बामाझिन आणि मज्जारज्जूची सूज कमी करणारी औषधे पशुवैद्यक देतात. अळी मेल्यावर तिच्याभोवती दाह वाढू शकतो. यासाठी दोन्ही औषधांचा मेळ त्यांनीच घालावा. हत्तीरोग मोहिमेतील गोळ्या अंदाजाने पाजू नयेत. तुटलेले चेतातंतू औषधाने जुळत नाहीत, त्यामुळे काही घोडे पूर्ण बरे होतात, तर काहींच्या चालीत कायमचा दोष राहतो.

घोड्यासाठी आयव्हरमेक्टिनची तोंडावाटे द्यायची मात्रा प्रति किलो वजनास ०.२ मिलिग्रॅम आहे. वजनाचा अंदाज असा काढावा : छातीचा घेर (सेंमी) × छातीचा घेर × शरीराची लांबी (सेंमी) ÷ ११,८८०. लांबी खांद्याच्या पुढील टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील टोकापर्यंत मोजावी. घेर १५५ व लांबी १३५ असल्यास वजन सुमारे २७३ किलो आणि मात्रा सुमारे ५५ मिलिग्रॅम होते. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन घोड्यास टोचू नये.

सर्रावर क्विनापायरामिन हे प्रमुख औषध आहे. ते टोचल्यावर लाळ गळणे, अस्वस्थता, थरथर अशी प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ते पशुवैद्यकाच्या उपस्थितीतच द्यावे. दोन्ही रोगांत डागणीचा काहीही उपयोग नाही. तिने वेदना व जखम वाढते आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात.

डास व माशी यांचे नियंत्रण

१. पागा आणि गोठा शक्य तितके दूर ठेवावेत. जागा एकच असल्यास संध्याकाळपासून सकाळपर्यंत घोडा बारीक जाळीच्या आत बांधावा. डास दुर्बल उडणारा असल्याने पंख्याचा चांगला उपयोग होतो. बंद जागेतील धुरी मात्र घोड्याच्या फुप्फुसांना अपायकारक ठरते.

२. उष्ण हवेत डास अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून हौद, टाकी व पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावीत. लीद-शेणमिश्रित सांडपाणी व गोमूत्राचे खड्डे हीदेखील डासांची उत्पत्तिस्थाने आहेत. ती वाहती करावीत किंवा बुजवावीत.

३. पाणी हाती असलेल्या भातशेतीत आलटून-पालटून पाणी देणे व बांधी सुकू देणे यामुळे डासांच्या अळ्या घटतात. उपसता न येणाऱ्या पाण्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हे जैविक अळीनाशक वापरता येते.

४. चावऱ्या माश्यांच्या अळ्या तलावकाठच्या ओल्या चिखलात वाढतात. माश्या दिवसा चावतात, म्हणून भर उन्हात घोडा पाणथळ जागी चरण्यास सोडू नये. सर्राबाधित जनावर इतरांपासून तत्काळ वेगळे करावे.

५. परिसरातील गुरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिन दिल्यास त्यांच्या रक्तातील सेटारियाची पिल्ले कमी होतात आणि डासाला मिळणारा संसर्गाचा स्रोत आटतो. घोड्यालाही पावसाळ्यात प्रतिबंधक मात्रा देण्याविषयी विचारणा करावी.

६. गुरांच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ घोड्यावर कदापि फवारू नये. त्यामुळे घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावून प्राणघातक पोटशूळ होऊ शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

अशी तक्रार येताच पाच गोष्टींची नोंद करावी : लक्षणे सुरू झाल्याची तारीख, तापमान, खुराची स्थिती, गोठ्याचे अंतर आणि कुत्रा चावल्याचा इतिहास. शक्य असल्यास घोड्याच्या चालीची मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. ही माहिती पशुवैद्यकाचे काम पुष्कळ सोपे करते. दुर्गजवळील अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तर अश्वरोगांच्या विशेष तपासणीसाठी हिसार येथे राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र कार्यरत आहे.

दत्त जयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडा येथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हा काळ पावसाळ्यातील संसर्गानंतर लगेच येतो. घोडा विकत घेताना त्याला लहान वर्तुळात फिरवून पाहावे, मागील खुरांची टोके तपासावी, सर्रासाठी रक्त तपासून घ्यावे आणि आणलेला घोडा काही दिवस वेगळा बांधावा. घोड्याच्या आरोग्याची काळजी पागेपुरती मर्यादित ठेवून चालत नाही. ती शेजारच्या गोठ्यापासून आणि साचलेल्या पाण्यापासून सुरू करावी लागते.