हरभऱ्याची आंब आणि चार अणू

कार्बोक्सिलिक आम्ल ओळखायचे ते चार अणूंच्या एका गटावरून. मधोमध कार्बन, त्याला दुहेरी बंधाने एक ऑक्सिजन, एकेरी बंधाने दुसरा ऑक्सिजन आणि त्या दुसऱ्याला चिकटलेला हायड्रोजन. चिंचेतले टार्टारिक, लिंबातले सायट्रिक, दह्यातले लॅक्टिक, व्हिनेगरमधले अ‍ॅसिटिक या सगळ्या आम्लांत हा गट आहे. थंडीच्या पहाटे दवाने भिजलेल्या हरभऱ्यावर स्वच्छ फडके फिरवून जी आंब पिळून घेतात, तिच्यातही तोच. पानांवरच्या बारीक केसांतून पाझरणारी ती आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल.

ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन अल्कोहोलातही असतो, पण इथेनॉल आंबट लागत नाही. हायड्रोजन सोडून देण्यात अ‍ॅसिटिक आम्ल इथेनॉलपेक्षा सुमारे दहा हजार कोटी पटींनी पुढे आहे. हायड्रोजन निघून गेला की मागे ऋणभार उरतो. इथेनॉलमध्ये तो एकट्या ऑक्सिजनला पेलावा लागतो; आम्लात दोन्ही ऑक्सिजन तो निम्मा निम्मा वाटून घेतात. याचा पुरावा बंधांच्या लांबीत मिळतो. फॉर्मिक आम्लात कार्बन-ऑक्सिजन बंध १.२० आणि १.३४ अँगस्ट्रॉम असे लहानमोठे असतात. सोडियम फॉर्मेटमध्ये दोन्ही १.२७. या वाटणीला पाठ्यपुस्तके संस्पंदन म्हणतात. शब्द जरा फसवा आहे, कारण भार इकडून तिकडे हेलकावत नसतो. तो कायमच दोन्हीकडे पसरलेला असतो.

तरीही ही आम्ले सौम्यच. व्हिनेगरमध्ये हजार रेणूंमागे पाचांचेसुद्धा आयन झालेले नसतात. मात्र कार्बोनिक आम्लापेक्षा ती प्रबळ असल्याने खाण्याचा सोडा टाकताच फसफसून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फिनॉलला हे जमत नाही, म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळेत दोघांतला फरक सोड्यानेच ओळखतात. शेजारच्या कार्बनवर क्लोरीन बसवले की ते इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढते आणि आम्ल आणखी प्रबळ होते. तीन क्लोरीन असलेले ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल अ‍ॅसिटिकच्या सुमारे दहा हजार पट प्रबळ आहे.

या गटाचे दोन रेणू समोरासमोर आले की दोन हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. म्हणूनच अ‍ॅसिटिक आम्ल ११८ अंश सेल्सिअसला उकळते, तर तेवढ्याच वजनाचा रेणू असलेले प्रोपेनॉल ९७ अंशांना. शुद्ध अ‍ॅसिटिक आम्ल १६.६ अंशांखाली गोठते; हिवाळ्यात थंड खोलीत बाटलीतच त्याचा बर्फासारखा गोळा होतो.

कार्बनची साखळी वाढते तसा स्वभाव पालटतो. सर्वांत लहान ते फॉर्मिक आम्ल. मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून ते मिळाल्याचे जॉन रे याने १६७१ मध्ये नोंदवले. लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी. ही आखूड आम्ले पाण्यात मिसळतात आणि नाकाला झोंबतात. खोबरेल तेलात बारा कार्बनांचे लॉरिक आणि चरबीत अठरा कार्बनांचे स्टिअरिक आम्ल असते. ती पाण्यात विरघळत नाहीत, पण कॉस्टिक सोड्याशी त्यांचे क्षार झाले की साबण होतो: भारित टोक पाण्याकडे, लांब शेपूट तेलकट मळाकडे. तेल-तूप म्हणजे ही आम्ले आणि ग्लिसरॉल यांची जोडणी, हे फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल याने १८२३ च्या ग्रंथात सविस्तर मांडले.

अशा जोडणीला एस्टर म्हणतात. आम्ल आणि अल्कोहोल गंधकाम्लाच्या थेंबांसह तापवले की पाण्याचा रेणू सुटून एस्टर बनतो. पण तेच पाणी एस्टर पुन्हा फोडतही असते. अ‍ॅसिटिक आम्ल आणि इथेनॉल सारख्याच रेणुसंख्येने घेतले, तर दोन तृतीयांश एस्टर झाल्यावर गाडी थांबते. पाणी काढून घेत राहिले तरच ती पुढे सरकते. लोणी खवटते तेव्हा हीच क्रिया उलटी चालते: स्निग्धांशातले एस्टर फुटून चार कार्बनांचे ब्युटिरिक आम्ल मोकळे होते आणि घाण वास सुटतो. त्याच आम्लाचा इथेनॉलशी एस्टर केला की अननसाचा वास येतो.