मापकावरील अंक आणि विजेचे वास्तव

टेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीच्या, १९७०च्या दशकातील टीएम ५०० मालिकेतला डीएम ५०१ किंवा डीएम ५०२ हा अंकीय मल्टिमीटर प्रथम हाती आला म्हणजे ते स्वयंपूर्ण यंत्र असावे असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो एका सामाईक चौकटीच्या खणात बसवावयाचा घटक असून त्याचा विद्युत्पुरवठा त्या चौकटीतूनच येतो. टीएम ५०३ या चौकटीत असे तीन घटक शेजारी शेजारी बसतात. तेव्हा सुटा घटक निर्जीव दिसला म्हणून त्याची रवानगी भंगारात करणे हा त्याच्यावर अन्याय होय. मात्र तो काढता-घालताना चौकटीची वीज बंद असलीच पाहिजे.

अंक अधिक तेवढी अचूकता अधिक, हा दुसरा समज. साडेतीन अंकी मापक १९९९ पर्यंत मोजतो, साडेचार अंकी १९९९९ पर्यंत. परंतु ही केवळ मोजपट्टीवरील रेघांची बारकाई झाली. मापकाची अचूकता एक टक्का असेल, तर पडद्यावर २३०.४ व्होल्ट उमटले तरी खरा दाब २२८ पासून २३३ च्या आसपास कोठेही असू शकतो, आणि वर्षानुवर्षे कॅलिब्रेशन न झालेल्या जुन्या यंत्राबाबत तर तपशीलपत्रकातील टक्केवारीवरही विसंबता येत नाही.

जालन्यासारख्या गावी, जेथे भंगार वितळवून सळ्या घडविणारे कारखाने इंडक्शन भट्ट्यांवर चालतात, तेथे याहून गंभीर गैरसमज संभवतो. प्रत्यावर्ती प्रवाह मोजताना त्या काळचे अनेक मापक एकदिश केलेल्या तरंगाची सरासरी काढून तिला १.११ ने गुणीत आणि तोच आकडा प्रभावी मूल्य (आरएमएस) म्हणून दाखवीत. शुद्ध ज्या-तरंगापुरता हा हिशेब बिनचूक आहे. पण चौकोनी तरंगाला तेच यंत्र सुमारे अकरा टक्के अधिक दाखविते, आणि अशा भट्ट्यांच्या, थायरिस्टरने छाटलेल्या, अणकुचीदार शिखरांच्या प्रवाहाला प्रत्यक्षाहून कमी. तार तापते ती प्रभावी मूल्याने. म्हणून मीटर प्रवाह मर्यादेत असल्याचा निर्वाळा देत असतानाही केबल करपू शकते. अशा ठिकाणी ‘ट्रू आरएमएस’ मापकच वापरावा, आणि त्याचीही शिखरमर्यादा पाहून घ्यावी.

चालू तारेला समांतर गेलेल्या, दोन्ही टोकांनी मोकळ्या तारेवर कित्येक व्होल्ट दिसले की वायरमन चक्रावतो. मापकाचा अंतर्गत रोध बहुधा दहा मेगओहम असल्याने दोन तारांमधील धारकत्वातून झिरपणारा क्षीण प्रवाहही एवढे वाचन घडवितो. योग्य, कमी रोधाच्या परीक्षकाने हा आभास ओळखता येतो. तथापि पूर्ण खात्री होईपर्यंत ती तार जिवंतच मानावी.

सर्वांत घातक समज हा की, यंत्रावर १००० व्होल्ट लिहिले आहे तेव्हा ते ४१५ व्होल्टांच्या पॅनेलवर बेलाशक लावावे. पॅनेलवर क्षणिक उसळी काही हजार व्होल्टांपर्यंत जाऊ शकते आणि शॉर्टसर्किटची ऊर्जा प्रचंड असते. आज कॅट तीन, कॅट चार म्हणून ओळखले जाणारे मापनवर्ग नंतर रूढ झाले आणि त्या निकषांवर ही जुनी यंत्रे पारखलेली नाहीत. त्यांचे खरे क्षेत्र टेबलावरचे: बंद करून सोडविलेल्या नियंत्रण-पट्ट्या, रोधक, डीसी पुरवठ्याचे दाब. तेथे ती अजूनही उत्तम चाकरी बजावतात.