डोळे बांधून वाचणारी मुले आणि सुट्टीतील शिबिरे

‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या दोन दिवसांच्या शिबिराने मूल पट्टी बांधून वाचू लागते, रंग ओळखते आणि अभ्यासातही पुढे जाते, हा हुशार मुलांच्या पालकांतील सर्वांत चिवट गैरसमज आहे. मिडब्रेन, म्हणजेच मध्यमस्तिष्क, हा मेंदूच्या खोडाचा वरचा भाग. डोळ्यांची हालचाल, उजेडात बाहुली लहान होणे, आवाजाकडे मान वळणे यांत त्याचा वाटा असतो. हे काम जन्मापासूनच सुरू असते; ते बंद असलेले मूल शिबिरापर्यंत चालत येऊ शकणार नाही. पट्टी बांधल्यावर दिसते ते नाकाशेजारच्या फटीतून. म्हणून मूल हनुवटी उचलते आणि कागद नजरेखाली धरते. तोच कागद कपाळाच्या वर किंवा पाठीमागे धरला, की वाचन थांबते. पोहण्याचा चष्मा पूर्ण काळा करून घातला, तरी तेच. ही पडताळणी कोणत्याही पालकाला घरी करता येते, तरीही ती न करता हजारो रुपये भरले जातात. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या सातारा जिल्ह्यात तरी हे व्हायला नको. पैशांपेक्षा मोठे नुकसान मुलाचे होते: टाळ्यांसाठी चोरून पाहायचे आणि आईवडिलांना खोटे सांगायचे, हे ते तिथे शिकते.

बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा प्रकार सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचणीला वैज्ञानिक आधार नाही. ‘उजव्या मेंदूची’ मुलेही नसतात. युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये एक हजाराहून अधिक मेंदूचित्रे तपासली, तेव्हा असे व्यक्तिप्रकार आढळले नाहीत. एका चाचणीच्या गुणांवर प्रतिभा ठरत नाही: मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्धिमत्ता चाचणीवरून केलेल्या हुशार मुलांच्या निवडीत पुढे नोबेल मिळवणारे शॉकली आणि अल्वारेझ बसले नव्हते. प्रतिभा जोपासायला वर्षे लागतात. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून तेच करत आली आहे.

चांगले शिबिर शहरातच मिळते, हा समज सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात तर विशेष खटकतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपामुळे याच तालुक्यातील कोयना जगभरच्या भूवैज्ञानिकांच्या अभ्यासाचा विषय झाली. या अभ्यासासाठी गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विवर घेतले गेले, आणि त्यासंबंधीची संशोधन प्रयोगशाळा कराडजवळ आहे. शिबिर निवडताना शिकवणाऱ्याचा विषय, एका शिक्षकामागे किती मुले आणि मुलाला स्वतःचा प्रश्न धरून काम करता येते का, एवढे विचारावे. उत्तरे समाधानकारक नसतील, तर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदी घेऊन कोयना परिसरातील धक्क्यांची तारीख, खोली आणि ठिकाण महिनाभर नकाशावर मांडणे हा अधिक कसदार उपक्रम आहे. त्याला वही, पेन्सिल आणि एक जाणता शिक्षक पुरतो.